तार बांधावरून की फडावरून?

वाऱ्याने दोन लोंबत्या तारा घासतात, ठिणगी पडते आणि तोडणीला आलेला ऊस जळून जातो. दोष वाऱ्याला दिला जातो; खरे तर तो खांब रोवण्याआधीच्या आखणीत असतो. डीपीपासून (रोहित्रापासून) पंपापर्यंत सरळ रेषेत तार ओढली की खांब वाचतात, पण ती शेताच्या मधोमध जाते. बांधाने किंवा पाणंदीने नेली तर दोन-चार खांब जास्त लागतील. मात्र भर पावसात वायरमन चिखल न तुडवता तिथे पोहोचेल.

लांबीचा हिशेबही चुकतो: कमी दाबाची तार जितकी लांब, तितकी वीज वाटेतच वाया जाते. तेवढीच वीज ४०० व्होल्टऐवजी ११ हजार व्होल्टने नेली, तर प्रवाह साडेसत्तावीस पटींनी घटतो आणि त्याच तारेतला तोटा साडेसातशे पटींनी. म्हणूनच राज्याने २०१८ मध्ये कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली हाती घेतली: एक-दोन पंपांमागे एक छोटे रोहित्र. कल्पना चोख. पण रोहित्रे वाढली की त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटाही वाढतात आणि सर्वेक्षण मात्र उन्हाळ्यात, ओढा कोरडा असताना उरकले जाते. पुराचे पाणी कुठवर चढते, हे तिथल्या शेतकऱ्याला विचारायला किती वेळ लागतो?