दुसरी शिट्टी कोणाची?



आज आधी माझीच एक फजिती सांगतो. हसायचं नाही हं!

मी तेव्हा नववीत होतो. आंतरशालेय बास्केटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना चालू होता. दोन्ही संघांचे गुण सारखे आणि शेवटची काही सेकंदं उरलेली. समोरच्या संघातला एक उंचापुरा मुलगा चेंडू घेऊन बास्केटकडे झेपावला. मीही हात वर करून उडी मारली. माझा हात चेंडूलाच लागला होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण पंचांची शिट्टी वाजली. फाऊल! आणि तोही माझा!

झालं, माझं डोकंच फिरलं. मी चेंडू उचलून जमिनीवर असा आपटला, की तो उसळून थेट प्रेक्षकांत गेला. वर पंचांना नको ते बोललोसुद्धा. लगेच दुसरी शिट्टी. पंचांनी दोन्ही हातांनी इंग्रजी 'टी'ची खूण केली. टेक्निकल फाऊल! म्हणजे गैरवर्तनाबद्दलची शिक्षा.

आता पुढे काय झालं ते ऐका. माझ्या पहिल्या फाऊलबद्दल त्या मुलाला दोन फ्री थ्रो मिळाले होते. त्यानं ते दोन्ही घालवले! टेक्निकलबद्दलचा फ्री थ्रो मात्र आत गेला. आम्ही एका गुणानं हरलो.

म्हणजे बघा, पंचांचा निर्णय चुकीचा होता असं घटकाभर धरून चालू. तरी त्या निर्णयानं आमचं काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं ते त्यानंतरच्या तीन सेकंदांत, आणि ते मी बिघडवलं. परतताना बसमध्ये माझ्याशी कोणी चकार शब्द बोललं नाही. उतरताना सर एवढंच म्हणाले, "पहिली शिट्टी पंचांची होती रे. दुसरी तू वाजवलीस."

सरांचं ते वाक्य मला आठवतं ते अमेरिकेतल्या एनबीएचे प्ले-ऑफ सामने बघताना. एनबीए म्हणजे जगातली सगळ्यात नावाजलेली बास्केटबॉल लीग. तिथं आधी महिनोन् महिने साखळी सामने चालतात आणि मग निवडक संघांची बादफेरी होते. तीच प्ले-ऑफ. हल्ली तिथं प्रत्येक फेरीत दोन संघांमध्ये सात सामन्यांची मालिका असते. जो आधी चार जिंकेल तो पुढे, दुसरा घरी. त्यामुळे एकेका गुणासाठी जीव टाकून खेळ चालतो आणि एकेका शिट्टीवरून वातावरण तापतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या स्पर्धेतल्या पंचांना नीट दिसत नाही का? अहो, दिसायला वेळ तरी मिळतो का! समजा, चेंडूवाला खेळाडू धावत आला आणि बचाव करणाऱ्यावर आदळला. बचाव करणारा आधीच जागा धरून उभा असेल, तर चूक धावणाऱ्याची. त्याला 'चार्ज' म्हणतात. तो ऐन वेळी आडवा आला असेल, तर चूक त्याची. त्याला 'ब्लॉक' म्हणतात. टक्कर तीच, पण निर्णय अगदी उलटे! आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच घडतं. १९८८-८९ च्या मोसमापासून एनबीएमध्ये दोनाऐवजी तीन पंच आले, तरी वाद काही संपले नाहीत.

त्याच्या थोडं आधीचीच गोष्ट. जून १९८८. अंतिम मालिकेत डेट्रॉइट पिस्टन्स विरुद्ध लॉस एंजेलिस लेकर्स. पिस्टन्स ३-२ नं पुढे. सहावा सामना जिंकला की विजेतेपद खिशात! शेवटची १४ सेकंदं उरली तेव्हा १०२-१०१ अशी आघाडीही त्यांचीच. तेवढ्यात लेकर्सच्या करीम अब्दुल-जब्बारनं आपला प्रसिद्ध 'स्काय हूक' टाकला आणि शिट्टी वाजली. फाऊल पिस्टन्सच्या बिल लॅम्बीअरचा! तो फाऊल नव्हताच, असं म्हणणारे लोक आजही ती चित्रफीत दाखवून भांडतात.

पण इथं दोन गोष्टी बघा. करीम तेव्हा ४१ वर्षांचा होता. प्रेक्षकांचा गलका, विजेतेपदाचं दडपण, सगळं होतं. त्यानं शांतपणे दोन्ही फ्री थ्रो आत टाकले. १०३-१०२. दुसरी गोष्ट अशी, की सामना अजून संपला नव्हता. १४ सेकंदं शिल्लक होती आणि चेंडू पिस्टन्सकडे होता. एक बास्केट पडली असती, तर त्या शिट्टीची कोणी आठवणही काढली नसती. जो डुमार्सनं प्रयत्न केला, तो हुकला. सातवा सामनाही लेकर्सनं १०८-१०५ असा जिंकला.

पिस्टन्सचं काय झालं? पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, ते पुन्हा अंतिम मालिकेत आले. समोर पुन्हा लेकर्सच. या वेळी पिस्टन्सनं त्यांना ४-० असं हरवलं. १९९० मध्येही तेच विजेते! त्या शिट्टीवर आयुष्यभर रडत बसायची त्यांना चांगली सोय होती. त्यांनी ती वापरली नाही.

आता उलटी गोष्ट. लेब्रॉन जेम्स हे नाव तुम्हाला माहीत असेलच. ३१ मे २०१८ रोजी अंतिम मालिकेचा पहिला सामना होता. लेब्रॉनचा क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स विरुद्ध गोल्डन स्टेट वॉरियर्स. लेब्रॉननं त्या सामन्यात एकट्यानं ५१ गुण केले! शेवटच्या मिनिटात त्याचा संघ दोन गुणांनी पुढे होता. वॉरियर्सचा केव्हिन ड्युरंट धावत आला आणि लेब्रॉनवर आदळला. पंचांनी आधी चार्ज दिला. मग व्हिडिओ बघितला आणि निर्णय फिरवून ब्लॉक दिला. ड्युरंटचे दोन्ही फ्री थ्रो आत गेले. बरोबरी!

तरीही कॅव्हेलियर्सना जिंकायची संधी होती. अगदी शेवटी त्यांच्या जॉर्ज हिलचा दुसरा फ्री थ्रो हुकला. परत आलेला चेंडू त्यांच्याच जे. आर. स्मिथच्या हातात पडला. पण तो बास्केटकडे जायचं सोडून चेंडू घेऊन बाहेर पळाला. वेळ संपली, गुण १०७-१०७. जादा वेळेत वॉरियर्सनं सामना १२४-११४ असा खिशात घातला.

लेब्रॉनचा संताप अनावर झाला. ड्रेसिंग रूममध्ये त्यानं तिथल्या फळ्यावर जोरात हात मारला आणि स्वतःचाच उजवा हात दुखावून घेतला! पुढचे तीनही सामने त्याचा संघ हरला. मालिका ४-०. शेवटच्या सामन्यानंतर तो हाताला पट्टा बांधून पत्रकारांसमोर आला आणि त्यानं कबूल केलं, की सामना आपल्याकडून हिरावून घेतला असं वाटल्यामुळे आपला तोल गेला, आणि पुढचे तीन सामने आपण जवळजवळ मोडलेल्या हातानं खेळलो. हात धड असता तर ते जिंकलेच असते, असं काही म्हणता येणार नाही. समोरचा संघ तगडाच होता. पण फळ्याला काय त्याचं? लागलं ते लेब्रॉनलाच.

म्हणजे मग काय, मूग गिळून गप्प बसायचं? मुळीच नाही! डोकं थंड ठेवणं म्हणजे हार मानणं नव्हे. आता मी तुम्हाला माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो.

४ जून १९७६. अंतिम मालिकेचा पाचवा सामना, बोस्टन शहरात. बोस्टन सेल्टिक्स विरुद्ध फिनिक्स सन्स. सामना बरोबरीत सुटला म्हणून जादा वेळ दिला. पुन्हा बरोबरी, म्हणून दुसऱ्यांदा जादा वेळ. त्याच्या अगदी शेवटी सेल्टिक्सच्या जॉन हॅवलिचेकनं बास्केट केली. १११-११०! आपण जिंकलो असं समजून प्रेक्षक धावत मैदानात घुसले. पंच म्हणाले, थांबा, अजून एक सेकंद बाकी आहे. एका प्रेक्षकाला याचा इतका राग आला, की तो पंच रिची पॉवर्स यांच्या अंगावरच धावून गेला! असा सगळा गोंधळ.

त्या गोंधळात सन्सच्या पॉल वेस्टफालचं डोकं मात्र जागेवर होतं. एका सेकंदात, आपल्याच बास्केटखालून चेंडू आत टाकून, पार दुसऱ्या टोकाला गुण करणं अशक्य. टाइमआऊट घेतला तर चेंडू मैदानाच्या मध्यावरून मिळेल. पण सन्सचे टाइमआऊट संपले होते. शिल्लक नसताना टाइमआऊट मागितला तर टेक्निकल फाऊल! वेस्टफालनं हिशेब केला. टेक्निकलचा एक गुण गेला तर जाऊ दे, चेंडू तर मध्यावर येईल. त्यांनी मुद्दाम टाइमआऊट मागितला. सेल्टिक्सच्या जो जो व्हाइटनं फ्री थ्रो टाकला, ११२-११०. मग सन्सनं मध्यावरून चेंडू आत दिला, गारफिल्ड हर्डनं वळून उंच फेकला आणि... आत! ११२-११२. सामना तिसऱ्यांदा जादा वेळेत!

शेवटी सेल्टिक्स १२८-१२६ असे जिंकले आणि पुढे ती मालिकाही. पण वेस्टफालच्या त्या एका सेकंदाची आठवण अजून निघते. एनबीएला तो नियमसुद्धा नंतर बदलावा लागला.

गंमत बघा. टेक्निकल फाऊल मीही घेतला आणि वेस्टफालनंही. त्यानं तो डोकं शांत ठेवून, नियम आठवून घेतला आणि हरत आलेला सामना वाचवला. मी तो रागाच्या भरात घेतला आणि हातातला सामना घालवला.

आणि हो, ताबा खेळाडूंचाच सुटतो असं नाही. एप्रिल २००७ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सचा टिम डंकन बाकावर बसून हसत होता, म्हणून पंच जोई क्रॉफर्ड यांनी त्याला टेक्निकल देऊन सामन्यातून बाहेर काढलं. नुसता हसला म्हणून! एनबीएनं क्रॉफर्ड यांना उरलेल्या मोसमापुरतं आणि त्या वर्षीच्या प्ले-ऑफपुरतं घरी बसवलं. एवढे अनुभवी पंच. पण त्यांनी आपली चूक ओळखली, मानसतज्ज्ञाची मदत घेतली, पुढच्या मोसमात परत आले आणि २०१६ पर्यंत काम केलं. राग आवरणं हेसुद्धा फ्री थ्रोसारखं सराव करून शिकावं लागतं, बरं का!

आजकाल एनबीएमध्ये दाद मागायच्या रीतसर सोयी आहेत. २०१९-२० च्या मोसमापासून प्रशिक्षक एखाद्या निर्णयाला आव्हान देऊ शकतात. २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांमधल्या शेवटच्या दोन मिनिटांचे निर्णय तपासून, कोणते चुकले ते एनबीए स्वतःच दुसऱ्या दिवशी जाहीर करते. पण निकाल? तो बदलत नाही. चूक कबूल झाली तरी गेलेला गुण परत येत नाही. हे कडू आहे, पण खरं आहे.

मग आपल्या शाळेच्या मैदानावर काय करायचं? चार गोष्टी सांगतो.

एक, शिट्टी वाजली की चेंडू पंचांच्या हातात द्यायचा. हातात चेंडू नसला की तो आपटताही येत नाही!

दोन, तोंड बंद आणि पाय चालू. तुम्ही भांडत उभे राहिलात, की तिकडे तुमचे चौघं त्यांच्या पाचांशी खेळत असतात.

तीन, विचारायचंच असेल तर कर्णधारानं विचारायचं, खेळ थांबलेला असताना. "सर, काय चुकलं ते सांगाल का?" एवढंच. पुढच्या वेळी कुठं जपायचं ते तरी कळेल.

चार, सराव. तुमच्या सरांना किंवा ताईंना सांगा, की सरावाच्या सामन्यात मधूनच मुद्दाम चुकीचा निर्णय द्या. पहिल्या दिवशी सगळे तणतणतील. आठवड्याभरात कोणी मागं वळूनही बघणार नाही.

आता माझ्या फजितीचा शेवट सांगतो. पुढच्या वर्षी, दहावीत, त्याच स्पर्धेत आम्हाला तेच पंच मिळाले. सामना रंगात आला असताना पुन्हा माझ्याविरुद्ध शिट्टी वाजली आणि पुन्हा मला ती साफ चूक वाटली. कान तापले, दात आवळले गेले. पण चेंडू नेऊन मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच मान डोलावली.

तो सामनाही आम्ही हरलो, चांगले पाच गुणांनी. पण परतताना बसमध्ये मला मधली जागा मिळाली होती आणि सगळे माझ्याशी बोलत होते.

तुमच्यावर कधी अशी वेळ आली होती का? तेव्हा दुसरी शिट्टी कोणी वाजवली? खरं खरं लिहून कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात!