उंची हवी, लांबी कशाला?

सोलापुरात मोठी गाडी म्हटली की अजूनही बोलेरो नाहीतर स्कॉर्पिओ डोळ्यांपुढे येते. ट्रकसारख्या चासीवर बांधलेली, पुढाऱ्यांच्या ताफ्यात धावणारी, उसाच्या बांधापर्यंत जाणारी. गेल्या दहा-बारा वर्षांत तिच्या शेजारी दुसरीच एक जात येऊन उभी राहिली. ही दिसायला जीपसारखी, पण अंगाने साधी मोटारच. वेगळी चासी नाही, ताकद बहुधा फक्त पुढच्या दोन चाकांना, बसायची जागा तेवढी उंच. कंपन्या तिला एसयूव्ही म्हणून विकतात, जाणकार क्रॉसओव्हर म्हणतात. २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आली, २०१५ मध्ये क्रेटा, २०१६ मध्ये विटारा ब्रेझा, २०१७ मध्ये नेक्सॉन. २०२४ मध्ये तर टाटा पंच ही देशातली सर्वाधिक खपाची गाडी ठरली आणि मारुतीने चार दशके राखलेला पहिला नंबर गेला. एमएच १३ पासिंगची नवी गाडी दिसली तर ती या जातीची असण्याचीच शक्यता जास्त.

मीही अलीकडेच एका क्रॉसओव्हरमधून दुसऱ्या क्रॉसओव्हरमध्ये आलो. जुनी चार मीटरच्या आतली, डिझेलवरची. नवी त्याहून फूटभर लांब, पेट्रोलवरची. कंपन्यांची नावे मुद्दाम घेत नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत आणि त्या एकट्या एका कंपनीच्या नाहीत. गल्लीतल्या मित्राने गाडी बघून पहिलेच वाक्य टाकले, "काय बे, लई मोठी घेतलास की!" त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे सोलापूरकरालाच कळावे. पण प्रश्न त्याने बरोबर विचारला होता. मोठी घेऊन नेमके काय मिळाले?

आधी मिळालेल्या गोष्टी. मागची सीट खरोखर ऐसपैस आहे. तीन मोठी माणसे खांद्याला खांदा न घासता बसतात. डिकीत पाहुण्यांच्या बॅगा, वर चादरींचा गठ्ठा मावतो. सोलापुरातून कुणी रिकाम्या हाताने जात नाही, त्यामुळे हा फायदा किरकोळ समजू नये. पेट्रोल इंजिन शांत आहे, पुणे रस्त्यावर ट्रकला ओलांडताना दमछाक होत नाही. लांब चाकांतरामुळे महामार्गावर गाडी स्थिर राहते, मागे बसलेल्याला झोप लागते. हैदराबादकडे तीनशे किलोमीटर जाऊन उतरल्यावर कंबर बोलत नाही, हे पन्नाशी ओलांडलेल्याला पटेल.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे तर वेगळेच. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर अशी आमची प्रवासाची चौकट. गुडघे धरलेल्या आईला बुटक्या गाडीत वाकून शिरावे लागते आणि उठताना कुणाचा तरी हात लागतो. क्रॉसओव्हरची सीट कमरेच्या उंचीला येते, नुसते टेकायचे आणि पाय आत घ्यायचे. या गाड्यांच्या खपामागे जाहिरातीतल्या डोंगरकड्यांपेक्षा घरोघरच्या गुडघ्यांचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते. मात्र हे सुख मला जुन्या गाडीतही होतेच. उंची दोघींना आहे, नवीनला वर मिळाली ती लांबी.

उंची आणि लांबी यांची गल्लत इथेच होते. शोरूममध्ये मोठी गाडी म्हणजे खड्ड्यांना जास्त दाद न देणारी गाडी, असे गृहीत धरले जाते. आकडे वेगळे सांगतात. नेक्सॉन लांबीला ३९९५ मिलिमीटर, जमिनीपासून २०८ मिलिमीटर उंच. क्रेटा ४३३० मिलिमीटर लांब, पण जमिनीपासून १९०. रुंदीतही नेक्सॉन १८०४ आणि क्रेटा १७९०, म्हणजे धाकटीच थोडी जाडजूड. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर नेक्सॉनमध्ये २४९८, तर क्रेटात २६१० मिलिमीटर. चाकांतले अंतर वाढले की गतिरोधकावर गाडीचे पोट लवकर टेकते. शिवाय छापलेली उंची बहुधा रिकाम्या गाडीची असते. पाच माणसे आणि सामान चढले की त्यातले काही सेंटिमीटर जातात.

भारतीय रोड काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. पसरट, म्हणजे गाडी चढेल आणि उतरेल. आपल्याकडे बार्शी रस्त्यावरच्या नाहीतर अक्कलकोट रस्त्यालगतच्या एखाद्या गावात शिरा, हा निकष तिथे कुणी वाचलेला दिसत नाही. अपघात झाला की गावकरी रातोरात मुरूम-डांबराचा बांध घालतात. त्यांचे चुकते असेही म्हणवत नाही, कारण शाळेसमोरून शंभरच्या वेगाने जाणाऱ्याला दुसरी भाषा कळत नाही. पण त्या बांधावर माझी जुनी आखूड गाडी भरलेली असतानाही निघून जायची. नवी लांब गाडी मी तिरकी घालतो, एकेक चाक चढवत. मागचा दुचाकीवाला हॉर्न वाजवत राहतो.

काळ्या मातीचे तर बोलायलाच नको. पाऊस झाल्यावर शेतरस्त्यावर यातल्या बहुतेक गाड्यांची जिद्द पहिल्या पन्नास फुटांत संपते. पुढच्या चाकांना चिखल चिकटला की ती नुसती फिरतात आणि ट्रॅक्टरवाल्याला फोन करावा लागतो. फोर व्हील ड्राइव्ह मिळते, पण मोजक्या मॉडेलांत आणि वरच्या किमतीला. रोज शेतात जाणाऱ्याने बोलेरो सोडू नये. क्रॉसओव्हर ही खराब डांबरी रस्त्याची गाडी आहे, रस्ता नसलेल्या जागेची नव्हे.

मग बाजारात इतक्या गाड्या ३९९५ मिलिमीटरवरच का थांबतात? हा आकडा रस्त्याने नाही, करखात्याने ठरवला. २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी चार मीटरपर्यंत लांबीच्या, पेट्रोल १२०० आणि डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या मोटारींचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आणला. तेव्हापासून कंपन्या पाच मिलिमीटर राखून गाड्या बेततात. जीएसटी आला तरी रेघ तीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेघेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के. त्याआधी उपकर धरून आत २९ ते ३१ आणि बाहेर ४५ ते ५० टक्के होते. म्हणजे दोन्हीकडे गाड्या स्वस्त झाल्या, पण मधली दरी बुजली नाही. बारकावा असा की लांबी आणि इंजिन या दोन्ही अटी पाळाव्या लागतात. ब्रेझा चार मीटरच्या आत बसते, पण तिचे पेट्रोल इंजिन दीड लिटरचे, म्हणून तिला वरचाच दर. घेताना हे विचारून घ्यावे. ऑन रोड किमतीत हा फरक मुरून जातो आणि हप्त्यातून पाच वर्षे निघत राहतो.

कराची ही आखणी मला पूर्ण न्याय्य वाटत नाही. लांबीला दंड आणि रुंदीला, वजनाला काहीच नाही, हे कसले शास्त्र? तरीही तिने एक काम केले. आपल्या गाड्या आटोक्यात राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या मतदारांनी जड एसयूव्हींचे पार्किंग शुल्क तिप्पट करण्याचा कौल दिला. मतदान सहा टक्क्यांच्या आत होते, ते सोडा. पण तिथे पेट्रोल गाडीसाठी मर्यादा १६०० किलोंची होती. आपल्याकडचे बहुतेक क्रॉसओव्हर बाराशे-तेराशे किलोंचे. पॅरिसचा राग जसाच्या तसा सोलापुरात आणून क्रॉसओव्हरवाल्याला दोषी ठरवणे बरोबर होणार नाही.

उंच नाकाची तक्रार मात्र खरी आहे. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ४० इंचांहून उंच बोनेटच्या वाहनाने धडक दिल्यास पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. आपल्या छोट्या क्रॉसओव्हरची बोनेटे बहुधा त्याहून खाली असतात. पण दिशा तीच. नवी पेठेत, मधल्या मारुतीजवळ, माणसे रस्त्याच्या मधूनच चालतात आणि लहान पोर बोनेटच्या खाली दिसेनासे होते. उंचावर बसल्याने लांबचे छान दिसते, पायाशी काय आहे ते दिसत नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तर मी गाडी घरीच ठेवतो. पार्किंगवाला "मालक, अजून थोडं मागं" म्हणत राहतो आणि फूटभर जादा लांबी प्रत्येक वेळी जाणवते.

आता पेट्रोलचा विषय, आणि इथे सोलापूरकराची पंचाईत आहे. जुनी डिझेल गाडी महामार्गावर सहज वीसच्या पुढे अॅव्हरेज द्यायची, नवी पंधरा-सोळावर अडते. यातला मोठा भाग डिझेल-पेट्रोलच्या आणि वजनाच्या फरकाचा. उरलेल्यासाठी लोक पेट्रोलमध्ये मिसळलेल्या वीस टक्के इथेनॉलकडे बोट दाखवतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा अॅव्हरेज थोडे घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेही जुन्या धाटणीच्या मोटारींत ही घट सहा-सात टक्के आणि त्यासाठी जुळवलेल्या इंजिनांत एक-दोन टक्के धरली होती. पण कुरकुर करताना आपण कुठे राहतो हे विसरता येत नाही. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात अग्रभागी आहे. इथेनॉलच्या पैशाने कारखान्यांकडे रोकड येते आणि उसाचे बिल वेळेवर निघायला मदत होते. पंपावर जे गेले त्यातले थोडे गावाकडे परत येते. दुसरी बाजूही आहे. तोच ऊस उजनीचे पाणी पितो आणि शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. मोठी गाडी धुवायला काढली की शेजारी नजर रोखून बघतात, आणि त्यांचे बरोबर आहे. इथेनॉलवरचे माझे मत एवढेच की २०२३ नंतरची, त्यासाठी जुळवलेली गाडी असेल तर घाबरू नये. जुनी असेल तर रबरी नळ्या तपासून घ्याव्यात.

डिझेल सोडले याचे मला वाईट वाटत नाही. २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेलला धूर गाळणारे यंत्र असते, आणि सात रस्ता ते जुळे सोलापूर एवढ्याच फेऱ्या मारल्या तर ते काजळीने तुंबते. आठवड्याला महामार्ग गाठणाऱ्याने डिझेल घ्यावे, बाकीच्यांनी सीएनजी नाहीतर पेट्रोल.

सनरूफबद्दल दोन वाक्ये पुरेत. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला टेकणाऱ्या शहरात छताला काच लावून त्यासाठी जादा पैसे मोजणे हा शुद्ध वेडेपणा आहे. मुलांना आवडते म्हणून सगळे घेतात, मीही घेतले, आणि त्याचा पडदा बहुतेक वर्षभर ओढलेला असतो. त्याच पैशात थंड हवा सोडणारी सीट मिळत असेल तर ती घ्यावी. एसीची बटणे काढून सगळे पडद्यावर नेण्याची नवी फॅशनही तशीच. चालत्या गाडीत पंख्याचा वेग कमी करायला रस्त्यावरून नजर काढावी लागते.

सुरक्षेच्या बाबतीत नवी गाडी निर्विवाद पुढे आहे. २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले तेव्हा ती बातमी होती. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झाले आणि आता तारे न विचारणारे गिऱ्हाईक विरळा. आपोआप ब्रेक लावणारी व्यवस्था मी चालू ठेवतो. उसाच्या हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे दिवा की रिफ्लेक्टर काही नसलेला ट्रॅक्टर महामार्गावर अचानक समोर येतो. तिथे यंत्राची मदत मिळाली तर हवीच आहे, पण तिच्या भरवशावर वेग वाढवू नये. लेन धरून ठेवणारी व्यवस्था मात्र बंद केली, कारण आपल्या रस्त्यावर उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकीला चुकवताना ती स्टिअरिंगशी झोंबते.

हिशेब केला तर नवीनमधले जे खरोखर उपयोगी ठरले, म्हणजे तारे, एअरबॅग, शांत इंजिन, ते चार मीटरच्या आतल्या ताज्या गाड्यांतही मिळते. लांबीने दिले ते मागच्या सीटचे आणि डिकीचे सुख. महिन्यातून दोनदा पाच माणसे घेऊन पुण्या-हैदराबादला जाणाऱ्याला ते पैशाच्या मोलाचे आहे. एरवी एकट्या-दुकट्याने मुंबईला जायला फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे, पहाटे निघून दुपारच्या जेवणाआधी पोहोचवते. ज्यांचा बहुतेक प्रवास शहरात, तुळजापूर-अक्कलकोटपर्यंत आणि अधूनमधून लांब, त्यांनी आखूड आणि उंच गाडी घ्यावी. सोलापूरच्या बहुसंख्य घरांना हेच लागू आहे. माझे घरही त्यातच मोडते.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमचा मुलगा होटगी रोडवर सरळ नेऊन आणतो. तेवढ्यावर बुकिंगची रक्कम देऊ नका. घरचे पाचही जण गाडीत बसवा, ज्येष्ठांना स्वतःहून चढू-उतरू द्या, गाडी तुमच्या गल्लीतल्या गतिरोधकावरून न्या आणि रोज जिथे लावणार तिथे एकदा लावून पाहा.