आधी अर्थिंग, मग वेबकॅम!

नोकरी पुण्याची आणि घर इन्सुलीत, हे आता अशक्य राहिलेलं नाही. पण घरचं ऑफिस म्हटलं की आपल्याला आधी सुचतो मोठा मॉनिटर नि फिरती खुर्ची! दोस्तांनो, आपल्या कोकणात ढग गडगडले की लाईट जाते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तर सिंधुदुर्गातली कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. रेंजचं विचारूच नका. २०२० मध्ये कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावच्या विद्यार्थिनीला ऑनलाईन लेक्चर्ससाठी डोंगरावर झोपडीत बसावं लागलं होतं.

म्हणून पहिला खर्च इन्व्हर्टरवर. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-अवर. निम्मीच वापरली, थोडी इन्व्हर्टरने खाल्ली, तरी ६० वॉटचा लॅपटॉप नि १२ वॉटचा राऊटर दहा तास चालतो. दुसरा खर्च अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टरवर. उन्हाळ्यात जांभा सुकला की अर्थिंग कमजोर होतं. तिसरा फायबरवर, कारण काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही.

हे सगळं बेसिक इलेक्ट्रिकलचंच गणित आहे. मार्कांपुरतं का ठेवायचं? सुट्टीत गावच्या वायरमनला सोबत घेऊन एक तरी घर तयार करूया. त्यामुळे एखाद्याची मुंबईची गाडी चुकली, तर बरंच होईल!