जबड्यावरून काढलेली पैसेवारी



पीककापणी प्रयोगात मोजक्या तुकड्यांवरून सगळ्या गावाची पैसेवारी ठरते. तुकडे चुकीचे निवडले की हिशेब कुठल्या कुठे जातो, हे आपणांस सांगायला नको. शास्त्रज्ञांनाही हीच अडचण येते.

१८३० नंतरच्या काही वर्षांत सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचे इंजिनिअर प्रोबी कॉटले यांनी शिवालिक टेकड्यांतून दगड झालेली हाडे गोळा केली. पुढे गंगेचा मोठा कालवा काढणारे कॉटले ते हेच. त्या हाडांत एका प्रचंड मगरीच्या जबड्याचे तुकडे व दात होते. घडियालीच्या या नामशेष नातलगाला पुढे 'रॅम्फोसुकस' नाव पडले.

अख्खा सांगाडा काही मिळाला नाही. जबड्यावरून लांबी धरली गेली पन्नास-साठ फूट! २००१ साली जेसन हेड यांनी नव्याने हिशेब मांडला, तेव्हा ती २६ ते ३६ फुटांवर आली.

आपल्या पारोळ्याकडे मुरुमाखाली काळा पाषाण लागतो. तो लाव्हारसाचा, म्हणून त्यात हाडे मिळणे विरळाच. पण तापी-गिरणेकाठच्या जुन्या गाळात ती टिकू शकतात. तिकडे विहीर खणताना हाडाच्या आकाराचा दगड लागला, तर पहार थांबवा. तो फोडू नका. किती परसावर, कोणत्या थरात लागला ते लिहून ठेवा आणि तहसील कार्यालयात कळवा. हाती एकच तुकडा असतो. तो फुटला की हिशेबच बुडाला.