सांगता येत नाही, सर!

पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये असलेला आमचा नातू दिवाळीत हिंगोलीला आला होता. विचारलं, "बाळा, तू नेमकं करतोस काय?" म्हणाला, "आजोबा, प्रोग्राम न चालवता, नुसता तपासून, त्यातले आकडे कसे असतील ते काढतो."

मी बी.ए. मराठीवाला. मग त्याने शाळेतलं उदाहरण घेतलं. उणे १७ गुणिले २३. गुणाकार न करताही उत्तर उणे येणार हे कळतं ना? तसंच हे. यंत्राच्या भाषेत आकड्यांना नावगाव नसतं. तोच आकडा कुणाचा पगार असेल, नाहीतर मेमरीतला पत्ता. पुढे त्याचं काय केलं जातं त्यावरून तो काय आहे, किती ते किती असेल, हे ताडायचं.

फ्रान्समधल्या पॅट्रिक आणि राधिया कूझो या जोडप्याने १९७७ मध्ये या विद्येचा पाया घातला. आपल्या मुंबई आयआयटीचे उदय खेडकर आणि अमिताभ संन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह प्रोग्रामच्या अशाच तपासणीवर लिहिलेलं पुस्तक २००९ मध्ये आलं.

एवढा खटाटोप कशाला? ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. ३२७६७ पर्यंतच मावेल अशा जागेत त्याहून मोठा आकडा घालायला गेले. एरियान-४ वर तोच प्रोग्राम नीट चालला होता! म्हणजे चालवून पाहिलं, पास झाला, एवढ्याने भागत नाही.

मी विचारलं, "आणि उणे १७ मध्ये एखादी अधिक संख्या मिळवली तर?"

"सांगता येत नाही, आजोबा. आमचं सॉफ्टवेअरही तेच म्हणतं."

मी गप्पच झालो. गणिताचे सर रजेवर असले की सातवीचा तास माझ्याकडे यायचा. हाच प्रश्न मी एका मुलाला विचारला होता. "सांगता येत नाही, सर," म्हणाला. अभ्यास केला नाही असं समजून मी त्याला तासभर उभं केलं.

अशी सॉफ्टवेअर फार वेळा शंका काढतात, काम वाढवतात, अशी तक्रार असते म्हणे. असू दे. जिथे कळत नाही तिथे ठोकून देणाऱ्यापेक्षा शंका काढणारा बरा. त्याच्या "नक्की" या शब्दावर विसंबता तरी येतं. माणसांचंही तेच.

तो मुलगा आज कुठे आहे कोण जाणे. भेटला तर म्हणेन, "बस खाली बाळा, तुझं बरोबर होतं."