ओले गवत आणि आपला संताप

स्मरणिकेसाठी लेख हवा असे संपादकांनी कळविले तेव्हा बालदमा किंवा प्रतिजैविकांचा अतिवापर असा एखादा भारदस्त विषय त्यांच्या मनात असावा. मी मात्र या वेळी कुत्र्याच्या पिल्लाच्या लघवीविषयी लिहिणार आहे. वाचकांनी खुशाल हसावे. पण या विषयाचे एक टोक माझ्या बाह्यरुग्ण कक्षापर्यंत येऊन पोचले आहे, म्हणून हा प्रपंच.

पूर्वी बेळगावच्या घरांना परस असे, पडवी असे. कुत्रे तिथेच लहानाचे मोठे होई आणि त्याच्या देहधर्माची चिंता कोणी करीत नसे. आता टिळकवाडी-हिंदवाडीतल्या वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. मे महिन्याच्या सुटीत मुलांच्या हट्टापायी पग, पॉमेरेनियन, शिह त्झू किंवा डॅशहुंड यांपैकी एखादे दीड-दोन किलोचे पिल्लू घरात येते. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात आणि मृग लागतो. आपल्याकडचा पाऊस एकदा कोसळून मोकळा होणारा नव्हे. ती झड लागली की हस्तापर्यंत गवत म्हणून वाळत नाही. नेमके याच दिवसांत पिल्लाला बाहेर जाण्याची सवय लावायची असते. गवतावर ठेवताच ते एक पाय उचलून धरते, थरथरते, दाराकडे वळते आणि घरात आणल्यावर पाचव्या मिनिटाला सतरंजीवर कार्यभाग उरकून मोकळे होते. घरातील कर्ता पुरुष निकाल देतो, "मुद्दाम करतंय."

या 'मुद्दाम' शब्दालाच माझा आक्षेप आहे. कारण तो शब्द मी गेली पंचवीस-तीस वर्षे वेगळ्या संदर्भात ऐकत आले आहे.

शरीरशास्त्र पाहा. देह जितका लहान, तितके वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक आणि उष्णता गमावण्याचा वेगही अधिक. नवजात अर्भकाला आपण कोरड्या दुपट्यात गुंडाळतो ते याचसाठी. डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या पिल्लाचे पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटे वर असते आणि पोटावर केसही विरळ. आपण बूट घालून छत्रीखाली उभे असतो, तेव्हा त्याचे सारे पोट गार पाण्यात टेकलेले असते. त्यात आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास 'आपली जागा कोणत्या पृष्ठभागावर' ही पिल्लाची आवड ठरू लागते. वर्तमानपत्रावर किंवा फरशीवर वाढलेल्या पिल्लाला गवत हे त्या कामाचे ठिकाण आहे हेच ठाऊक नसते. मूत्राशयावरील ताबा म्हणाल, तर ढोबळ हिशेब असा की वय जितके महिने, जागेपणी तितके तास, फार तर एखादा अधिक. दोन महिन्यांच्या जिवाकडून रात्रभराच्या संयमाची अपेक्षा करणे म्हणजे दहा महिन्यांच्या बाळाला भांड्यावर बसवून रागावण्यासारखेच आहे.

आमच्या घरी डॅशहुंडचे पिल्लू आले तेही ऐन आषाढात. माझे यजमान शल्यचिकित्सक. कोणताही प्रश्न एका बैठकीत सुटावा असा त्यांचा स्वभाव. त्यांनी पहिल्या सकाळी पिल्लाला पावसात चाळीस मिनिटे उभे केले. शेवटी दोघेही शिंकत आत आले आणि पिल्लाने त्यांच्याच चपलेवर विधी उरकला.

त्यानंतर सूत्रे मी हाती घेतली. मागच्या गॅलरीत, वळचणीचे पाणी पोचणार नाही अशा कोपऱ्यात, उथळ ट्रे ठेवून त्यावर वर्तमानपत्र पसरले. झोपेतून उठल्यावर, खाणे झाल्यावर आणि खेळ थांबल्यावर पिल्लाला तिथे न्यायचे, एकच ठरलेला शब्द उच्चारायचा आणि गप्प उभे राहायचे. जेवणानंतर आतडे हलते हा प्रतिक्षिप्त धर्म बाळात आणि पिल्लात सारखाच, त्यामुळे मला वेळापत्रक नव्याने शिकावे लागले नाही. काम होताच, तिथल्या तिथे, क्षणाचाही उशीर न करता खाऊचा कण द्यायचा. स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडेपर्यंत वेळ गेला तर बक्षीस कशाचे मिळाले हे पिल्लाला कळत नाही. आठवड्याभराने कागदावर हरळीचा एक तुकडा मातीसकट ठेवला. आरंभी तो कोरडाच होता. मग रोज थोडे पाणी शिंपडून ओलावा वाढवीत गेले. उघडीप मिळाली की तोच ट्रे अंगणात. श्रावण सरता सरता पिल्लू ट्रे ओलांडून स्वतःहून गवतावर गेले. घरात सांडलेले मात्र साबणाने धुऊन काढावे. अमोनियायुक्त द्रावणाचा वास लघवीच्या वासाशी मिळताजुळता असल्याने पिल्लाला तीच जागा पुन्हा आपली वाटते.

यावर आमच्या एका सहकारी मित्रांनी आक्षेप घेतला की एकदा घरात सवय लावली की ती जन्माची लागते. यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही; काही पिल्लांना ट्रे सोडायला महिने लागतात आणि त्या काळात घराला वास येतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण पर्याय काय? लसीकरण पुरे होईपर्यंत, म्हणजे सुमारे सोळा आठवडे वयापर्यंत, पिल्लाला सार्वजनिक मैदानात सोडणे मुळातच धोक्याचे आहे. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो आणि पावसाळी डबक्यात उंदरांच्या मूत्रातून आलेला लेप्टोस्पायरा असू शकतो. पिल्लाचा तो हट्ट योगायोगाने का होईना वैद्यकीय सल्ल्याशी जुळतो.

लहान मुले असलेल्या घरांसाठी आणखी थोडे, कारण ते माझे कामच आहे. टॉक्सोकारा कॅनिस हा जंत पिल्लाला आईच्या गर्भातच मिळू शकतो. त्याच्या अळ्या बालकाच्या यकृतात आणि डोळ्यात भटकतात. या विकाराचे वर्णन बीव्हर व सहकाऱ्यांनी 1952 साली केले. ताज्या विष्ठेतील अंडी लगेच संसर्ग करीत नाहीत, त्यांना मातीत काही आठवडे लागतात. म्हणून विष्ठा तत्काळ उचलणे हाच अर्धा उपचार. जंताचे औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने दोन आठवडे वयापासून सुरू करावे. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास मिळते. त्याआधी 'घरचंच पिल्लू आहे' म्हणून दात लागल्याकडे दुर्लक्ष करू नये. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि आपल्यापैकी कोणाकडे तरी त्याच दिवशी यावे.

आता त्या 'मुद्दाम'कडे वळते. गेल्या पावसाळ्यात सात वर्षांच्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली. तीन वर्षे कोरडे असलेले अंथरूण महिनाभरापासून पुन्हा ओले होत होते. लघवीची तपासणी निर्दोष, साखर निर्दोष, पाठीचा कणा व प्रतिक्षिप्त क्रिया व्यवस्थित. शाळेत काही घडले का, घरात नवे बाळ आले का, असे नेहमीचे प्रश्न विचारून झाले. उठता उठता आई सहज म्हणाली, "याचे बाबा आधीच वैतागलेत हो. घरात कुत्र्याचं पिल्लू आणलंय, तेही जिथं तिथं करतं. रोज त्याचं नाक घासावं लागतं त्यात."

मुलगा खाली बघत होता. मी विचारले, "पिल्लू आता कुठे करतं रे?" तो म्हणाला, "सोफ्याच्या मागे. बाबांना दिसत नाही तिथे." आणि थोडे थांबून म्हणाला, "मीपण चादर तिथेच ठेवतो."

शिक्षेने पिल्लू जागा शिकत नाही; माणसाच्या नजरेआड जायला शिकते. त्याचा तो 'अपराधी' चेहरा पाहून आपण त्याला चूक कळल्याचे अनुमान काढतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तो चेहरा मालकाच्या रागावण्यामुळे उमटतो, प्रत्यक्ष अपराध घडला की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो, असे दिसून आले. आणि मुलांच्या बाबतीत ब्रॅझेल्टन यांनी 1962 मध्येच सांगितले की मूल तयार झाल्यावर त्याच्या गतीने शिकवावे. आपण सारे हे पाठ करून परीक्षा उत्तीर्ण झालो. तरीही पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी पंधरा-एक मुले अंथरूण ओले करतात हे ठाऊक असणाऱ्या आपल्याच बंधू-भगिनींच्या घरी पिल्लाला वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारलेले मी पाहिले आहे, तेही मुलांदेखत.

त्या मुलाला मी औषध दिले नाही. वडिलांना बोलावून घेतले. शंका घेणारे पण समजूतदार गृहस्थ; ट्रेची कल्पना त्यांना प्रथम हास्यास्पद वाटली. मग ट्रेवरचे कागद बदलण्याचे आणि खाऊ देण्याचे काम मुलाकडे सोपवायचे ठरले. मारणे दोघांचेही बंद. पिल्लू तीन आठवड्यांत गॅलरीत जाऊ लागले. मुलाला अधिक वेळ लागला. दिवाळीच्या सुमारास तो आला तेव्हा आठवड्यातून एखादी रात्र अजून ओली जात होती, पण चादर तो सकाळी स्वतः आईकडे नेऊन देत होता. पुढच्या भेटीला येताना पिल्लाची लसीकरणाची पुस्तिका घेऊन ये, असे मी त्याला बजावून ठेवले आहे.