फ्रोझन पराठा स्वस्त झाला, पण चांगला कोणता हे कसं ओळखायचं?

22 सप्टेंबर 2025 पासून पाकीटबंद पराठ्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्यावर आला. पण पराठा आरोग्याला कितपत चांगला, हे करावरून ठरत नाही. ते पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

फ्रोझन म्हणजे वाईटच का?

नाही. उणे 18 अंश सेल्सियसला जंतूंची वाढ थांबते, त्यामुळे पदार्थ टिकतो. फ्रोझन मटार हे शेवटी मटारच असतात. प्रश्न तयार पदार्थांचा आहे. पराठा, कटलेट, नगेट्स किंवा बिर्याणीत चवीसाठी आणि खुसखुशीतपणासाठी मीठ, तेल, मैदा किती घातला, यावर सगळं अवलंबून असतं.

मागच्या बाजूला काय पाहायचं?

आधी घटकांची यादी. नियमानुसार ज्याचं वजन जास्त, तो घटक आधी लिहावा लागतो. पुढे मोठ्या अक्षरांत 'मल्टीग्रेन' असलं, तरी यादीत पहिलं नाव मैद्याचं असेल, तर पराठा मुख्यतः मैद्याचाच.

मग सोडियम. दिवसाला 2,000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे साधारण पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. समजा, 100 ग्रॅममागे 500 मिलिग्रॅम सोडियम आहे आणि एक पराठा 80 ग्रॅमचा आहे. दोन पराठ्यांतून 800 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसभराच्या मर्यादेचा 40 टक्के वाटा एकाच नाश्त्यात संपतो. लोणचं वेगळंच.

सॅच्युरेटेड फॅट आणि वरून घातलेली साखरही अशीच तपासावी. भारतीय लेबलवरची टक्केवारी 22 ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट आणि 50 ग्रॅम साखर या दैनंदिन प्रमाणावर काढलेली असते. मात्र ती एका 'सर्व्हिंग'ची असते. सर्व्हिंग एका पराठ्याचं आणि ताटात तीन, तर आकडा तिप्पट करायचा.

हे गणित ग्राहकानेच का करायचं?

वादाचा मुद्दा नेमका हाच आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, 2022 मध्ये पाकिटाच्या पुढच्या बाजूला तारे देण्याचा मसुदा आणला. त्यात प्रथिनं, तंतू अशा चांगल्या घटकांचे गुण मिळून मीठ-साखरेचे दोष झाकले जातील, असा आक्षेप आरोग्य कार्यकर्त्यांनी घेतला. चिलीमध्ये 2016 पासून 'सोडियम जास्त' असा थेट काळा शिक्का छापतात, तसा इशारा त्यांना हवा आहे. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला शिफारशींसाठी तीन महिने दिले, जुलैमध्ये मुदत आणखी तीन महिने वाढवली.

तारे असोत वा इशारा, मागचा तक्ता आजही बंधनकारक आहे. फ्रीझरसमोर दोन पाकिटं हातात घेऊन 100 ग्रॅममागचं सोडियम ताडून पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही.